तेच तुणतुणे

मराठी भाषेने काही वाद्यांना मान दिला आहे, तर काहींची थट्टा केली आहे. नगारा वाजतो तो विजयाचा, सनई वाजते ती मंगल कार्याची. तुणतुणे मात्र वाजते ते नेहमी कंटाळ्याचे! कोणी एकच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा सांगू लागला, की आपण चटकन म्हणतो, 'पुरे कर आता तुझे तुणतुणे.' चौतीस वर्षांच्या शिक्षकी पेशात हा वाक्प्रचार मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असे मी म्हणत असे, आणि मुलेही तो बिनचूक करून दाखवीत. परंतु तुणतुण्याचा खरा अर्थ मला उमगला तो सेवानिवृत्त झाल्यावर. आणि तोही माझ्या एकोणीस वर्षांच्या नातवामुळे.

आम्ही काशीगावात राहतो. घोडबंदरचा रस्ता ज्या ठिकाणी मुंबई-अहमदाबाद महामार्गाला येऊन मिळतो, त्याच्या जवळच मीरा-भाईंदरमधील हे गाव आहे. 'गाव' हा शब्द आता नावापुरताच उरला आहे. पूर्वेकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अजून हिरवे दिसतात. परंतु त्यांच्याकडे पाहायचे तर मध्ये उभ्या असलेल्या इमारतींची परवानगी घ्यावी लागते. गावाचे नाव धारण करणारे मेट्रोचे स्थानक उंच खांबांवर उभे आहे, आणि महामार्गावरील मालमोटारींचा घरघराट रात्रीही थांबत नाही. अशा ठिकाणी एखाद्या आवाजाने माणसाची झोपमोड व्हावी, हे खरे तर नवलच. तरीही एका रात्री ती झाली.

साडेदहाचा सुमार होता. शेजारच्या खोलीतून गिटारचा एक छोटासा तुकडा ऐकू येत होता. फार तर दहा सेकंदांचा असेल. तो संपे, पुन्हा सुरू होई. संपे, पुन्हा सुरू होई. पाच मिनिटे मी कूस बदलली, दहा मिनिटे उशी कानावर घेतली, शेवटी उठलो आणि दार ढकलून म्हणालो, "अरे, किती वेळ तेच तुणतुणे लावले आहेस?"

आत पाहतो तो काय! नातू गिटार मांडीवर आडवी ठेवून, दोन्ही हात बांधून स्वस्थ बसलेला. आणि गिटारचा तो तुकडा मात्र आपला वाजतोच आहे.

"मी कुठे वाजवतो आहे, आजोबा?" तो हसून म्हणाला. "मी ऐकतो आहे."

त्याच्या पायाशी लोखंडी डबीएवढे एक यंत्र होते. त्यावर पावलाने दाबावयाची एक कळ आणि एक लहानसा दिवा. त्याला लूपर पेडल म्हणतात, असे त्याने सांगितले. पायाने चालणारे वाद्ययंत्र म्हणजे आमच्या लेखी संगीत नाटकातली पायपेटी; नटाने सूर लावण्यापूर्वी ती सूर धरीत असे. ही नवी पायपेटी मात्र स्वतःचा असा एकही सूर काढीत नाही. तिला जे द्यावे, तेवढेच ती परत देते. कळ एकदा दाबली की ती ऐकू लागते. गिटार वाजवावी, गावे, टाळी द्यावी, सर्व काही ती टिपून घेते. कळ दुसऱ्यांदा दाबली की टिपून घेतलेले ती अखंड वाजवू लागते. तिसऱ्यांदा दाबली की त्या वाजण्यावरच दुसरा थर चढवता येतो. मग तिसरा, मग चौथा. असा एकटा माणूस पाहता पाहता स्वतःचाच साथीदार होतो.

"परंतु गंमत त्या दुसऱ्या दाबण्यात आहे," नातू म्हणाला. "ते अगदी नेमके पडावे लागते."

हे मला ताबडतोब कळले. कारण हा तर आपला समेचा हिशेब! आठ मात्रांचे आवर्तन असेल, तर आठवी मात्रा पुरी होऊन पहिली सुरू होते त्याच क्षणी पाऊल पडले पाहिजे. अर्धी मात्रा आधी पडले तर आवर्तन तोकडे होते. अर्धी मात्रा उशिरा पडले तर ते लंगडते. आणि एकदाच लंगडून भागत नाही. गाणे संपेपर्यंत प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी ते लंगडते.

"आणि चूक पुसता येत नाही?" मी विचारले.

"शेवटचा थर पुसता येतो," तो म्हणाला. "पण पहिला थर, ज्याच्यावर बाकीचे चढवले, तोच चुकला असेल, तर मग सगळे पुसावे लागते. पुन्हा पहिल्यापासून."

मी 'बरे' म्हणालो आणि झोपावयास गेलो. परंतु झोप आली नाही. मला माझ्या लहानपणची एक रात्र आठवू लागली.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात चुलत्याच्या लग्नानंतर गोंधळ घातला होता. दिवटी पेटली होती, संबळ कडाडत होता, मुख्य गोंधळी देवीची कथा रंगवून सांगत होता. त्याच्या मागे माझ्याच वयाचा एक मुलगा तुणतुणे घेऊन उभा होता. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला ताणून बसवलेले कातडे, त्या कातड्यातून निघून वर दांडीच्या खुंटीपर्यंत गेलेली एकुलती एक तार, असे ते वाद्य. त्या तारेवर तो मुलगा रात्रभर एकच सूर छेडीत राहिला. पहाटे गोंधळ संपल्यावर मी त्याला विचारले, "तुला कंटाळा नाही येत?" तो माझ्याकडे आश्चर्याने पाहतच राहिला. मग म्हणाला, "म्या थांबलो, तर आबा गातील कशावर?"

त्या उत्तराचे मर्म समजण्याचे ते वय नव्हते. आज वाटते, आपल्या साऱ्या गायनपरंपरेचे रहस्यच त्या मुलाने सांगून टाकले होते. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात, ख्याल गाणाऱ्याच्या मागे तंबोरा असतो. पुढचा माणूस उंच झेप घेतो, कारण मागे कोणीतरी तेच ते न कंटाळता धरून ठेवलेले असते. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या भोपळे निवडून तंबोरे घडवीत आले; २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याच्या चार तारा काय करतात? तेच ते सूर पुन्हा पुन्हा बोलतात. परंतु त्यांना कोणी तुणतुणे म्हणत नाही!

पुढे मी या यंत्राची थोडी चौकशी केली. मास्तरकीची खोड, दुसरे काय? एकट्या माणसाने आपल्याच आवाजाची साथ घ्यावी, ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने आणि मेरी फोर्ड या त्याच्या पत्नीने १९५१ साली एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यात एकाच गिटारचे आणि एकाच कंठाचे थरावर थर चढवले होते. पुढे १९७३ साली इंग्लंडमधील रॉबर्ट फ्रिप व ब्रायन ईनो यांनी दोन ध्वनिमुद्रण यंत्रे शेजारी शेजारी मांडून, एकावरची फीत दुसऱ्यावर नेऊन, वाजवलेला सूर काही क्षणांनी परत येईल अशी युक्ती वापरून एक तबकडी काढली. तेव्हा यासाठी टेबलभर यंत्रे लागत. इलेक्ट्रॉनिक स्मृती स्वस्त आणि लहान झाली तसे हे सर्व पावलाखाली मावू लागले. बॉस या जपानी कंपनीने २००१ मध्ये अशी एक पेटी बाजारात आणली आणि एकट्या गायकांच्या हाती, अथवा पायी म्हणा, ते साधन आले. स्कॉटलंडच्या के. टी. टनस्टॉल हिने २००४ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात ऐन वेळी मिळालेल्या संधीत असे एकटीने गाणे उभे केले आणि ती प्रसिद्धीस आली. एड शीरन हा इंग्रज गायक मार्च २०२४ मध्ये मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर गाऊन गेला; त्याची ख्यातीही अशाच यंत्रांच्या साथीने एकट्याने गाण्याबद्दल आहे. आपल्याकडे बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा तयार केला, तेव्हा शिष्याची जागा यंत्राने घेतली म्हणून जुन्या लोकांनी नाके मुरडली असतील. आज किती घरांतून पहाटे त्याच्याच सुरावर रियाज चालतो!

माझ्या नातवाने हे यंत्र हौसेने घेतले नव्हते, गरजेने घेतले होते. महाविद्यालयात त्याचा चौघांचा मेळ होता. एक नोकरीसाठी पुण्यास गेला, दुसरा रात्रपाळीत अडकला, तिसऱ्याचे घर दूर गेले. उरला हा एकटा. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने धोबीतलावच्या बाजूला जाऊन कोणाचे तरी वापरलेले ते पेडल आणले. झीलकरी पांगले, तेव्हा तो स्वतःच स्वतःचा झीलकरी झाला. मी दार ढकलून त्याला ज्याबद्दल रागे भरलो, ते त्याचे तुणतुणे नव्हते. त्याचा एकटेपणा होता. हे समजल्यावर मला थोडे वाईट वाटले.

त्याचे पहिले गाणे मीरा रोडच्या एका उपाहारगृहाच्या माडीवर होते. अशा कार्यक्रमाला हल्ली ओपन माइक म्हणतात. आरंभी कागदावर नाव लिहावे. आपली पाळी आली की उठावे. कोणी कविता म्हणतो, कोणी विनोद सांगतो, कोणी गातो. निमंत्रण नाही, मानधन नाही, हार-नारळ नाही. प्रत्येकाला सात-आठ मिनिटे. मला हा प्रकार मोठा आवडला. देवळाच्या ओसरीवर भजनाला बसलेल्यांपैकी कोणीही पुढे सरकून एखादा अभंग उचलावा, तसाच हा प्रकार. माझे पांढरे केस पाहून एका मुलीने आपली खुर्ची मला दिली.

नातवाची पाळी आली. त्याचे हात किंचित थरथरत होते. त्याने पायाने कळ दाबली आणि गिटारच्या पोटावर तळहाताने व बोटांनी थापा दिल्या. जणू ढोलकीचा ठेका. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. मग पाऊल उचलले आणि खाली ठेवले. उशिरा! फार नाही; अर्ध्या मात्रेने. परंतु घरी रात्र रात्र ऐकून माझे कान तयार झाले होते. पहिला फेरा संपला आणि ठेका अडखळला. दुसरा फेरा संपला. पुन्हा तेथेच अडखळला.

श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या ते ध्यानातही आले नसावे. कोणी चहा घेत होते, कोणी आपापली कविता मनात घोळवीत होते. त्याने तसेच पुढे रेटले असते, वर तारांचा आणि गुणगुणण्याचा थर चढवला असता, तर ती अर्धी मात्रा त्यात बुडूनही गेली असती. कीर्तनात बुवांची मात्रा चुकली, तर टाळकरी हलकेच सावरून घेतो. माणसाची साथ चुकीवर पांघरूण घालते. हे यंत्र सावरत नाही आणि चिडवतही नाही. जे दिले, ते जसेच्या तसे परत करते. मी मनात म्हणत होतो, 'जाऊ दे, बाळा, गा पुढे.'

त्याने कळ दाबून ठेवली. ठेका थांबला. माडीवर एकदम शांतता पसरली आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"माझे चुकले," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण स्पष्ट होता. "पहिल्यापासून सुरू करतो."

या तीन-चार शब्दांनी त्या खोलीत जे घडले, ते मी विसरणार नाही. जे लक्ष देत नव्हते, तेही आता लक्ष देऊन बसले. त्याने पुन्हा थापा दिल्या. या वेळी पाऊल समेवर पडले. त्या ठेक्यावर खर्जाच्या तारा आल्या, त्यांवर गुणगुणण्याचा एक पातळ थर आला, आणि मग त्याने स्वतः रचलेले पावसाचे गाणे म्हटले. गाणे फार थोर होते, असे आजोबांनी म्हणू नये. परंतु ते न लंगडता चालले, एवढे खचित.

टाळ्या वाजत होत्या, आणि माझे मन मात्र तेथे नव्हते. ते तीस-बत्तीस वर्षे मागे, एका शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते.

मी तेव्हा तरुण शिक्षक होतो आणि शिस्तीचा मोठा अभिमानी होतो. सातवीतला एक मुलगा प्रार्थनेत भसाड्या, चिरक्या आवाजात गात असे. तो मुद्दाम वात्रटपणा करतो, असे मी मानले. एके दिवशी सर्व मुलांसमोर मी त्याला म्हणालो, "तू फक्त ओठ मिटून उभा राहा. तुझ्या आवाजाने प्रार्थना बाटते." मुले हसली. मुलगा ओठ मिटून उभा राहिला. महिन्याभरातच माझ्या ध्यानात आले, की तो वात्रटपणा नव्हता. त्या वयात मुलांचा आवाज फुटतो, तसा त्याचा फुटत होता. चूक माझी होती. परंतु ती मी कोणापाशी बोललो नाही. वाटले, एवढेसे वाक्य, मुलगा विसरूनही गेला असेल. शिक्षकाने भर रांगेत 'माझे चुकले' म्हणणे, हे मला तेव्हा कमीपणाचे वाटले.

काही वर्षांपूर्वी भाईंदरला एका लग्नात तो मला भेटला. चांगला सहा फूट उंच गृहस्थ झालेला. वाकून नमस्कार केला. मंगलाष्टकांची वेळ आली तेव्हा मी सहज म्हणालो, "चला, म्हणा तुम्हीही एखादे कडवे." तो मोकळेपणाने हसला. "सर, मी गात नाही. तुम्हीच नाही का सांगितले होते, ओठ मीट म्हणून?" मीही हसलो. त्या हसण्यात मी ती गोष्ट दुसऱ्यांदा पुरून टाकली.

त्या माडीवर बसल्या बसल्या मला प्रथमच कळले, की ते वाक्य मी एकदाच बोललो असलो, तरी ते एकदाच वाजले नव्हते. प्रत्येक आरतीला, प्रत्येक राष्ट्रगीताला, मुलांना झोपवताना, मित्रांच्या मैफलीत, जेथे जेथे ओठ उघडावेत असे त्या मनुष्याला वाटले असेल, तेथे तेथे माझे तुणतुणे त्याच्या कानांत वाजले असेल. मुलांचे मन हे त्या पेटीहून निराळे नाही. आपण जे पहिल्या थरात घालतो, त्यावर ती आपले आयुष्य रचीत जातात. आम्ही शिक्षक, आईबाप, वडीलधारी माणसे कळ दाबून निघून जातो. आणि आवर्तन मागे चालूच राहते.

पुढच्या रविवारी मी त्याचा पत्ता शोधीत भाईंदरला गेलो. त्याने लगबगीने बसावयास दिले, चहा सांगितला. मी इकडचे तिकडचे काही बोललो नाही. बोललो असतो तर धीर गेला असता. मी म्हणालो, "तुम्ही सातवीत असताना प्रार्थनेच्या वेळी मी जे बोललो, ते चूक होते. ते मला त्याच महिन्यात कळले होते. सांगायला मात्र इतकी वर्षे लागली. माझे चुकले."

तो काही क्षण बोलला नाही. त्याची धाकटी मुलगी दाराशी उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मग तो म्हणाला, "सर, आता त्याचे काय एवढे!" परंतु हे म्हणताना त्याने मान दुसरीकडे वळवली होती. चहा पिऊन मी निघालो. माझ्या नातवाला सारे पुसून नव्याने आरंभ करता आला होता. मला ते शक्य नव्हते. बत्तीस वर्षांचे थर कोणती कळ पुसणार? फार तर त्यावर आणखी एक थर मी ठेवून आलो होतो.

भाद्रपदात आमच्याकडे गणपती असतो. त्या वर्षी तो सहकुटुंब दर्शनाला आला. आरती सुरू झाली. नातवाने झांजा घेतल्या, त्याच्या आजीने निरांजन उजळले, शेजारीपाजारी टाळ्या वाजवू लागले. तो माझ्या शेजारीच हात जोडून उभा होता. दुसऱ्या कडव्याला माझे लक्ष त्याच्याकडे गेले.

त्याचे ओठ हलत होते. त्यांतून आवाज निघत होता की नाही, ते झांजांच्या गजरात मला ऐकू आले नाही. त्याच्या पुढ्यात उभी असलेली त्याची मुलगी मात्र मान वर करून बापाच्या तोंडाकडे आश्चर्याने पाहत होती.